बारावीनंतरची शिदोरी

बारावीची परीक्षा संपली की आमच्या वसतिगृहातील मुलामुलींची एक तुकडी आपापल्या पेट्या घेऊन कायमची घरी जाते. त्या दिवसांत भेटणारे हितचिंतक आवर्जून विचारतात, "ताई, यंदा निकाल कसा लागेल?" विचारणे योग्यच आहे. पण मला त्या वेळी दुसरी काळजी असते. हे मूल उद्या नंदुरबार, नाशिक किंवा सुरतेच्या स्थानकावर एकटे उतरले, तर त्याला काय काय करता येईल? या अंकात त्याविषयीच सविस्तर लिहिते.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील दहा वर्षांचे मूल काही अडाणी नसते. ते बकऱ्या वळते, चूल पेटवते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते, मोहाची फुले वेचते, आठवडे बाजारात आईशेजारी बसून भाव ऐकते. मग ते शिकायला वसतिगृहात येते. इथे उठायची घंटा, जेवायची घंटा, अभ्यासाची घंटा. साबण मिळतो, वह्या मिळतात, ताप आला तर कुणीतरी दवाखान्यात नेते, अर्ज कुणीतरी भरते आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवून दाखवते. वसतिगृहाशिवाय यातली कितीतरी मुले शिकलीच नसती. पण आठ-दहा वर्षे घंटेवर काढल्यावर स्वतः ठरवायची सवय मोडते, हेही खरे. अठराव्या वर्षी ती घंटा एकदम बंद होते. घरी आई-वडिलांचे प्रेम असते, पण बँकेत, कॉलेजात किंवा तहसील कचेरीत कसे बोलायचे हे सांगणारे बहुधा कुणी नसते.

म्हणून अकरावीपासून आम्ही एकेक काम मुलांच्या हाती सोपवू लागतो. सुरुवात कागदपत्रांपासून.

तोवर सगळ्यांचे दाखले कार्यालयातील लोखंडी कपाटात असतात. अकरावीच्या जूनमध्ये प्रत्येकाला त्याची फाईल उघडून देतो आणि एकच काम सांगतो : प्रत्येक कागदावरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख वाचून वहीत शेजारी-शेजारी लिही. तासाभरात वर्गात गलका होतो. वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर 'रायसिंग', तर शिधापत्रिकेवर 'रायश्या'. आडनाव एका जागी 'पावरा', दुसऱ्या जागी नुसतेच 'भिल'. जन्मतारखेचे विचारू नका. पहिलीत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून लिहीत. वाढदिवस साजरे करायचे म्हटले तर त्या दिवशी अर्ध्या वसतिगृहाला लाडू वाटावे लागतील!

हसण्यावारी नेण्यासारखी मात्र ही गोष्ट नाही. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. मूल शाळेत आहे तोवर शाळेच्या नोंदीतील चूक सुधारणे त्यातल्या त्यात सोपे असते, शाळा सुटल्यावर तेच काम फार जड जाते. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून कुठला कागद प्रमाण धरायचा हे आधी ठरवायचे आणि मगच आधार केंद्रावर जायचे, हा क्रम मुलांना पाठ असावा लागतो.

जातीचा दाखला बहुतेकांकडे असतो. अडते ते जात वैधता प्रमाणपत्रावर, मुलांच्या भाषेत 'व्हॅलिडिटी'वर. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग अशा अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागते आणि ते चार दिवसांत मिळणारे नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या नोंदीला सर्वांत जास्त वजन असते. आता ज्यांचे आजोबा शाळेची पायरी चढलेच नाहीत, त्यांनी ही नोंद कुठून आणायची? गावचे जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर, कोतवाल बुक, महसुलाचे जुने कागद असे शोधत जावे लागते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर वाट पुष्कळ सोपी होते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अकरावीच्या मुलांना गृहपाठ असतो तो वंशावळीचा. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, कोण कुठल्या पाड्यावर गेले, कोण नोकरीला लागले, हे म्हाताऱ्या माणसांजवळ बसून लिहून आणायचे. हा गृहपाठ मुले गणितापेक्षा मनापासून करतात. गेल्या वर्षी एका मुलीला असा शोध घेताना वडिलांचे सख्खे चुलते तलाठी होते आणि त्यांच्या मुलाकडे वैधता प्रमाणपत्र आहे, हे पहिल्यांदाच कळले. ती आज नर्सिंगला आहे.

कागदाबाबत आणखी दोन सवयी आम्ही लावतो. पहिली पोच घेण्याची. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचे नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. पण मुदत मोजायची तर अर्ज कधी दिला याचा पुरावा हवा. दुसरी सवय म्हणजे मूळ कागद हातचा सोडायचा नाही. मुकादम आधार ठेवून घेतो, एखादे खासगी कॉलेज फीसाठी मूळ गुणपत्रिका अडकवते, आणि मग मूल तिथून हलू शकत नाही. पाहायला मूळ दाखवा, ठेवायला झेरॉक्स द्या. सगळ्याच्या प्रती डिजिलॉकरमध्ये असाव्यात, कारण कुडाच्या घरात पाऊस आणि उंदीर दोन्ही येतात.

बँकेचे शिक्षण मात्र फळ्यावर देता येत नाही. महिन्यातून एकदा मी चार-पाच जणांना घेऊन बँकेत जाते आणि स्वतः बाहेर बाकावर बसते. आत जाऊन पाचशे रुपये काढायचे आणि पासबुकात नोंद करून आणायची, एवढेच काम. परवाचाच संवाद :

"ताई, साहेब म्हणाले उद्या ये."

"का ते विचारलंस?"

"नाही."

"मग परत जा आणि विचारून ये."

ती तीनदा आत गेली. सही जुळत नव्हती, कारण खाते ती लहान असताना उघडलेले होते. अठरा पूर्ण झाल्यावर नवी सही आणि केवायसी द्यावी लागते, हे तिला त्या दिवशी कळले ते आता ती विसरणार नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला दुसऱ्यांदा 'का?' विचारणे हे आमच्या मुलांना परीक्षेपेक्षा कठीण जाते. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठीत विचारायचे आणि तेही साहेबाला! हा संकोच जायला वेळ लागतो. त्याला घाई करून उपयोग नाही.

बँकेच्या बाबतीत ज्या गोष्टी मुलांना माहीत नसल्याने पैसे अडकतात, त्या वाचकांनीही आपल्या ओळखीच्या मुलांना सांगाव्यात. दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची प्रतिमा वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावी लागते, नाहीतर ऐन वेळी अंगठा जुळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : शिष्यवृत्ती किंवा 'स्वयंम्' योजनेचे पैसे आधारवर पाठवले जातात तेव्हा ते अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नाही, तर आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याला थेट लाभासाठी जोडले गेले त्या खात्यात जातात. आमचा एक माजी विद्यार्थी आठ महिने 'पैसे आले नाहीत' म्हणून कॉलेजात आणि प्रकल्प कार्यालयात चकरा मारत होता. पैसे आलेले होते. मोबाईलच्या दुकानात सिम घेताना कुणीतरी त्याचा अंगठा घेऊन एक खाते उघडले होते, त्यात ते पडून होते. आधारच्या संकेतस्थळावर आपले आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ते दिसते. दोन मिनिटांचे काम आहे.

अंगठ्याचीच आणखी एक गोष्ट. गावातील ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे मिळतात, ही मोठी सोय आहे. पण 'अंगठा लागला नाही, परत ठेव' असे ऐकून आमच्या पाड्यांवरील आया-बाया दोन-तीनदा अंगठा ठेवतात, आणि कधी कधी प्रत्येक वेळी रक्कम कापली गेलेली असते. प्रत्येक अंगठ्याला पावती मागायची आणि महिन्याने पासबुक भरून पाहायचे. मोबाईलवरून पैसे पाठवणाऱ्यांना एकच नियम : पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर रडत बसण्याआधी 1930 वर फोन. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीला अर्थ असतो.

सगळीच मुले कॉलेजला जात नाहीत, हे मान्य करून चालावे लागते. काही आई-वडिलांबरोबर दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, काही औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे लागतात. त्यांच्यासाठी हिशेबाची वही हे खरे हत्यार. उचल कोणत्या तारखेला, किती, कुणाच्या देखत घेतली, रोज किती टन भरले, खाडे किती, खर्चीला किती मिळाले. एवढेच चार रकाने. एका मुलाने गेल्या हंगामात वडिलांसाठी अशी वही ठेवली. होळीला हिशेब झाला तेव्हा मुकादमाच्या कागदावर उचल तीन हजारांनी जास्त निघाली. मुलाने वही पुढे केली. थोडी बोलाचाली झाली, पण तीन हजार वगळले गेले. वडील मला म्हणाले, "ताई, पोऱ्याच्या शाळेचा पैसा वसूल झाला." मी त्यांना शाळेत एक पैसाही फी घेतली नव्हती याची आठवण करून दिली नाही!

कारखान्यात लागलेल्यांना पगाराची पावती वाचायला शिकवतो. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या 12 टक्के कापले जातात आणि मालकानेही स्वतःच्या खिशातून तेवढेच भरायचे असतात. ही रक्कम 15,000 असेल तर कामगाराचे 1,800. मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापणारे कंत्राटदार आहेत. ते बेकायदा आहे. निधीचा 12 अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. नव्या जागी तो सांगायचा, नवा काढू द्यायचा नाही. नाहीतर दोन-चार वर्षांत चार क्रमांक होतात आणि कुठल्याच खात्यातले पैसे हाती येत नाहीत. व्याजाचे गणितही इथेच येते. 'शेकडा पाच' ऐकायला किरकोळ वाटते, पण ते दरमहा असते. दहा हजारांवर वर्षाला सहा हजार. हे मुले एकदा स्वतः मांडून पाहतात, मग वेगळे सांगावे लागत नाही.

स्वयंपाकाविषयी थोडेच लिहिते. मुलींना तो येतो असे गृहीत धरले जाते आणि मुलांना येत नाही याचे कुणाला काही वाटत नाही. आमच्याकडे बारावीची पाच-पाच मुले रविवारी ठरावीक पैशात बाजार करून स्वतः रांधतात. पहिल्या रविवारी सगळे पैसे कोंबडीवर जातात आणि तेल राहते. तिसऱ्या रविवारपर्यंत गाडी डाळ-भाकरीवर येते. शहरात 'स्वयंम्'चा पहिला हप्ता येईपर्यंतचे महिने याच डाळ-भाकरीवर काढायचे असतात.

तब्येतीत एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. सिकलसेलचे प्रमाण आमच्या भागातील भिल-पावरा समाजात बरेच आहे. मूल वाहक आहे की रुग्ण आहे, हे त्याला स्वतःला माहीत असले पाहिजे. कपाटातील रजिस्टरला माहीत असून भागत नाही. वाहकाला सहसा त्रास होत नाही, पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलामागे चारात एक वेळा आजाराची शक्यता असते. रुग्ण असेल त्याने कार्ड खिशात ठेवायचे, पाणी भरपूर प्यायचे, थंडीत उघड्यावर झोपायचे नाही आणि ताप किंवा छातीत दुखणे अंगावर काढायचे नाही. नव्या गावात डॉक्टरांना पहिल्या वाक्यात हे सांगायचे. आम्ही ते वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतो.

मुलींशी मी वेगळे बसते. पासबुक भावाकडे किंवा वडिलांकडे का असते, लग्न झाल्या झाल्या सगळ्या कागदांवर नाव बदलायची घाई का करू नये (जातीचे सगळे पुरावे माहेरच्या नावावर असतात), रात्री उशिरा एकटी पडलीस तर 112 कसा लावायचा, असे बरेच काही. नोकरीला लागलेल्या दोन माजी विद्यार्थिनी आता या बैठकीला येतात. माझ्यापेक्षा त्यांचे जास्त ऐकले जाते.

यंदा बारावीची तुकडी मोठी आहे. बँकेतून, महसूल खात्यातून किंवा भविष्य निर्वाह निधी कार्यालयातून निवृत्त झालेल्या वाचकांनी जानेवारीतील दोन शनिवार दिले, तर प्रत्येक मुलाची फाईल त्याच्या शेजारी बसून तपासता येईल. राहण्या-जेवण्याची सोय वसतिगृहात होईल. जेवण अर्थात मुलांच्या हातचे असेल. एक विनंती आहे : अर्ज त्यांना भरू द्या, आपण फक्त शेजारी बसा.