गोग्रास एका घासाचाच!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचे दिवस होते. आमच्या अंजनवेलला मुंबईचे चाकरमानी आलेले, घर माणसांनी भरलेलं. सत्यनारायणाच्या पूजेची जेवणं आटोपली आणि टोपभर भात, शिरा, पुऱ्या उरल्या. अन्न टाकायचं जिवावर आलं. शेजारच्या वहिनींची गाय आठवली. 'तेवढंच पुण्य' म्हणत मी सगळं घमेल्यात ओतून तिच्यापुढे ठेवलं. तिनेही आवडीने संपवलं. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी दारात. "ताई, गाय चाऱ्याला तोंड लावत नाही हो. रवंथ बंद, शेण पातळ, आंबूस वास येतोय." धावतच गोठ्यात गेले. गाय दात खात उभी. सकाळी सहा लिटर देणारी ती, त्या दिवशी जेमतेम लिटरभर दूध. ही गाय वहिनींनी आमच्या बचत गटाच्या कर्जातून घेतलेली. दुधाच्या रतिबावर हप्ता फिटत होता. आणि कर्ज घ्यायला त्यांना धीर देणारी मीच!

डॉक्टर आले. पहिलाच प्रश्न, "काल काय घातलंत?" मी खालमानेने सांगितलं. औषधोपचार झाल्यावर त्यांनी नीट समजावलं.

मैत्रिणींनो, गाईचं पोट आपल्यासारखं नसतं. त्याचे चार कप्पे असतात. सर्वांत मोठं कोठीपोट. त्यातले असंख्य सूक्ष्मजीव गवत, पेंढा आंबवून पचवतात. गाय रवंथ करते तेव्हा भरपूर लाळ पोटात जाते आणि तिथलं आम्ल ताब्यात राहतं. एकदम भात, पोळ्या, गोडधोड गेलं की ते झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं आणि उपयोगी सूक्ष्मजीव मरतात. याला आम्लधर्मी अपचन म्हणतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर जनावर दगावतं. लग्नसराईत, सणासुदीला असं हमखास घडतं.

दुधाचंही तसंच. फॅट लागते ती चाऱ्यातल्या तंतूंच्या पचनातून. चारा कमी आणि पेंड, आंबोण जास्त झालं, तर दुधाची फॅट उतरते. म्हणून पावसाळ्यात कोवळ्या हिरव्या गवताबरोबर सुका पेंढाही हवाच. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करून. गाय निवांत बसून रवंथ करतेय ना, शेण कसं आहे, हे रोज बघावं. रवंथ थांबली, डावी कूस फुगली तर घरगुती काढे बळेच पाजू नयेत. ठसका लागून औषध फुप्फुसात जातं. सरळ डॉक्टरांना बोलवावं. जनावरांसाठी १९६२ हा मोफत फोन क्रमांकही आहे. आणि उरलेलं अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर तर मुळीच टाकू नये. अन्नाच्या वासाने गाय पिशवीसकट गिळते आणि ती पिशवी पोटातच राहते.

वहिनींची गाय वाचली, पण दूध पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. त्या महिन्याचा हप्ता मी भरला. वहिनी नको नको म्हणत होत्या. रागाचा एक शब्दही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आता आमच्याकडे माणसं मोजूनच भात शिजतो. गोग्रास मात्र चुकत नाही. पण नावाप्रमाणे घासभरच!