लहान वीजउत्पादक आणि विजेचा बाजार

जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत गोठ्याच्या छपरावर सौर पॅनेल बसविलेला शेतकरी आतां नवलाचा राहिलेला नाहीं. परंतु छपरावर वीज उत्पन्न करणें निराळें आणि ती बाजारांत विकणें निराळें.

२००० सालच्या कायद्यानें अशा उत्पादकास २० वर्षें ठराविक दर व हमखास गिऱ्हाईक मिळवून दिलें. आपली वीज ज्या वेळीं निघते त्या वेळीं ती कोणास हवी आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें त्यास कारणच नव्हतें. पुढें या विजेचा पूर वाढला. सुट्टीच्या दिवशीं ऊन व वारा जोरांत असले कीं बाजारभाव कधीं कधीं शून्याखालीं जाऊं लागला; म्हणजे वीज घेणाऱ्यासच वर पैसे मिळत! २०१४ सालीं ५०० किलोवॉटवरील, आणि २०१६ पासून १०० किलोवॉटवरील नव्या केंद्रांना बाजारांत उतरणें सक्तीचें झालें.

तेथील नियम मात्र कडक आहेत. दर १५ मिनिटांत किती वीज देणार हें आगाऊ सांगावयाचें, आणि त्यांत कमीजास्त झाल्यास तफावतीचा भुर्दंड सोसावयाचा. गांवावर एक ढग आला कीं एकट्या शेतकऱ्याचा अंदाज कोसळतो. कांदा चार दिवस चाळींत ठेवतां येतो. विजेचें तसें नाहीं.

येथें अडत्या उपयोगीं पडतो. अडत्या म्हणतांच आपल्याकडील शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, व ती अकारण नसते. परंतु हा अडत्या अंदाज चुकण्याची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो. कोलोन शहरांत २००९ सालीं निघालेली नेक्स्ट क्राफ्टवेर्के ही कंपनी अशांपैकींच होय. हजारों लहान केंद्रें दूरनियंत्रणानें एकत्र जोडून, जणूं एकच मोठें केंद्र असल्याप्रमाणें ती त्यांची वीज विकते. एकीकडे ढग असला तर दुसरीकडे ऊन असतें. चुका परस्परांत जिरतात. शेण व मका कुजवून वायु काढणारीं केंद्रें यांत फार मोलाचीं. भाव पडला कीं तीं वायु सांठवितात, चढला कीं वीज करितात. बाजारभाव ठरलेल्या दराहून कमी भरला तर फरक मिळतोच. परंतु तो सरासरी भावावरून काढितात, म्हणून सरासरीहून चांगली वेळ साधणाऱ्याची वरकड कमाई त्याचीच.

खरी अडचण २०२१ पासून दिसूं लागली. पहिल्या उत्पादकांची २० वर्षांची मुदत संपली. ज्याच्या छपरावर अवघीं ५ किलोवॉटचीं पॅनेलें, त्याची मिळकत मीटर व अडत यांच्या खर्चांतच जावयाची. चांगलीं चालणारीं पॅनेलें केवळ हिशेब जुळत नाहीं म्हणून उतरवून ठेवण्याची पाळी आली असती. शेवटीं अशा लहानांची वीज तारा सांभाळणाऱ्या स्थानिक कंपनीनेंच घ्यावी व विक्रीचा खर्च वजा करून बाजारभाव द्यावा, अशी तरतूद सरकारला करावी लागली.