खूण पुसून परतणारा आजार

मैत्रिणींनो, लेकरू बरं होऊन पुन्हा आजारी पडलं, की पहिला प्रश्न आईलाच येतो, ‘काय खायला घातलंस गं?’ रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, उलटला तरी हेच! म्हणून आज बघू या, नव्या ‘कार-टी’ उपचारानंतरही तो उलटतो कसा.

२०१२ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या ६ वर्षांच्या मुलीवर हा उपचार झाला. केमोथेरपीला तिचा आजार दाद देत नव्हता. डॉक्टरांनी तिच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, बाहेर काढले. प्रयोगशाळेत त्यांना ‘सीडी-१९’ नावाची खूण ओळखायला शिकवलं आणि शिरेतून परत सोडलं. ही खूण रक्तातल्या बी-पेशींवर असते, त्या कर्करोगी झाल्या तरी बहुतेकदा असतेच. मध्यंतरी एमिलीची तब्येत फार बिघडली, पण ती बरी झाली.

त्याच सुमारास १० वर्षांच्या आणखी एका मुलीला हाच उपचार मिळाला. तीही आधी बरी झाली. साधारण दोन महिन्यांनी मात्र आजार परतला. तपासलं तर त्या पेशींवर सीडी-१९ दिसेचना! मग शिपायांनी ओळखायचं कुणाला?

कपाशीवर तेच ते औषध फवारलं, की त्याला न जुमानणाऱ्या अळ्या उरतात आणि पुढे त्यांचीच पिल्लावळ वाढते. इथेही तसंच. खूण असलेल्या पेशी मेल्या, बिनखुणेच्या मूठभर वाचल्या आणि वाढल्या. कधी कधी उलटंही होतं. खूण तशीच असते, पण शिपाईच थकतात, कमी होतात.

म्हणून काही ठिकाणी आता सीडी-१९ सोबत सीडी-२२ ही दुसरी खूणही हेरणाऱ्या पेशींवर काम चालू आहे. काही रुग्णांना आजार आटोक्यात आल्यावर बोन मॅरो बदलण्याचा सल्ला देतात.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला २०२३ मध्ये आपल्या देशात मंजुरी मिळाली. त्याचंही लक्ष्य सीडी-१९ हेच. तेव्हा अशी वेळ आलीच, तर डॉक्टरांना न बिचकता विचारा, ‘खूण अजून आहे का? दिलेल्या पेशी टिकून आहेत का?’ पुढचा उपचार बराचसा या उत्तरांवर ठरतो. बरं वाटलं तरी तपासणीची तारीख चुकवू नका.

आणि घरात कुणी बोट दाखवलंच, तर ठामपणे सांगा, खूण पेशींनी पुसली, आईच्या हातच्या जेवणानं नाही!