रस्ता बंद पडण्याआधीची तयारी
हिमप्रदेशातील नगरपालिकांकडून श्रीवर्धनने काय घ्यावे?

प्रतिनिधी, श्रीवर्धन

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मोठमोठी झाडे, विजेचे खांब आणि घरांवरचे पत्रे रस्त्यांवर येऊन पडले. मदत निघाली होती. पण ती ज्या वाटेने यायची, ती वाटच बंद होती. बचाव पथकांना झाडे कापत पुढे सरकावे लागले.

चक्रीवादळ दर वर्षी येत नाही, पाऊस मात्र येतो. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. ठरलेल्या मोसमात, ठरलेल्या जागी रस्ता अडवणाऱ्या निसर्गाशी कसे वागावे, याचा पद्धतशीर विचार हिमवर्षाव होणाऱ्या देशांतील नगरपालिकांनी केला आहे. श्रीवर्धनच्या रस्त्यावर कधी बर्फ साचणार नाही हे खरे. पण त्या नगरपालिकांनी अनुभवातून घेतलेला धडा येथेही तितकाच लागू पडतो.

मीठ आधी, पाते नंतर

टोरांटो किंवा मिनिआपोलिस येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यातील रस्त्यांवर फिरणारी मिठाची वाहने परिचयाची असतात. पूर्वी तेथील रीत सरळ होती. बर्फ पडू द्यायचा, मग पाते लावलेल्या वाहनांनी तो बाजूला ढकलायचा आणि उरलेल्यावर मीठ टाकायचे. मात्र वाहनांच्या चाकांखाली दबलेला बर्फ रस्त्याला घट्ट चिकटतो आणि मग तो सुटता सुटत नाही. १९९० च्या दशकापासून अमेरिकेत वेगळी पद्धत रुजू लागली. हवामानाचा अंदाज पाहून बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर मिठाचे पाणी फवारायचे, म्हणजे बर्फाची पकड बसत नाही आणि पात्याचे काम हलके होते. एकूण मीठही कमी लागते.

मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. परंतु रस्त्याचे तापमान उणे ९ अंश सेल्सियसच्या आसपास गेले की साध्या मिठाचा प्रभाव मंदावतो. तेव्हा अधिक मीठ ओतणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. शिवाय तेच मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्या-नद्यांत उतरते आणि पुलांचे पोलाद गंजवते. म्हणूनच तेथे हवेबरोबर रस्त्याच्या पृष्ठभागाचेही तापमान मोजले जाते आणि मिठाचे प्रमाण त्यावरून ठरते.

कोकणात शत्रू पाणीच

आपल्याकडे मिठाच्या पाण्याची जागा गटार, चर आणि मोऱ्यांची सफाई घेते. डांबरी रस्त्याचा खरा शत्रू त्यावर साचणारे पाणी. ते बारीक भेगांतून आत शिरते. वरून जाणाऱ्या वाहनांच्या दाबाने खडी व डांबर यांची पकड सुटते आणि खड्डा तयार होतो. भर पावसात त्यात टाकलेला मुरूम पुढच्याच सरींत वाहून जातो. साइडपट्टीला योग्य उतार आणि मोकळी मोरी एवढ्याने जे साधते, ते जुलैतील दहा ट्रक मुरुमाने साधत नाही.

डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांना हे अधिकच लागू होते. मुरलेल्या पाण्याने माती जड होते, तिची धरून ठेवण्याची शक्ती घटते आणि दरड सुटते. कड्याच्या माथ्यावरचा चर पावसाळ्यापूर्वी मोकळा केला, तर बरेचसे पाणी उतारावर येण्याआधीच वळवता येते.

यंत्र कोठे उभे आहे?

हिमप्रदेशातील नगरपालिकांचा दुसरा नियम म्हणजे रस्त्यांची प्रतवारी. रुग्णालय, अग्निशमन केंद्र आणि बसमार्गाचे रस्ते प्रथम, त्यांना जोडणारे नंतर, गल्ल्या शेवटी. हा क्रम हिवाळ्यापूर्वी जाहीर होत असल्याने कोणाच्या दारापुढचा रस्ता आधी, या वादाला वाव राहत नाही.

श्रीवर्धनपुरते बोलायचे तर रुग्णालयाचा रस्ता, एसटी स्थानक आणि म्हसळामार्गे माणगावला जाणारा रस्ता यांना पहिले स्थान द्यावे लागेल. माणगावलाच मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे गाठता येते. गंभीर रुग्णाला पुढील उपचारांसाठी हलवायचे, तर हाच मार्ग महत्त्वाचा ठरतो. दिवेआगर, हरिहरेश्वर व दिघीकडील रस्ते त्यानंतर येतात.

प्रतवारीइतकेच महत्त्व यंत्रांच्या जागेला आहे. म्हसळ्यात उभा असलेला जेसीबी, मधल्या घाटात दरड कोसळली तर, श्रीवर्धनच्या बाजूने निरुपयोगी ठरतो. इशारा मिळताच दोन्ही टोकांना एकेक यंत्र, झाड कापण्याची करवत, डिझेल आणि चालक हजर असले, तर अडथळा दोन्हीकडून एकाच वेळी हटवता येतो. वीजवाहिनीत अडकलेल्या झाडाला हात लावण्यापूर्वी महावितरणने प्रवाह बंद केल्याची खात्री व्हावी लागते. त्यामुळे त्या पथकात वीज कर्मचारी आधीपासूनच असणे अत्यावश्यक आहे.

उशिराची किंमत महाड तालुक्यातील तळिये गावाने पाहिली आहे. २२ जुलै २०२१ रोजी तेथे दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला. पूर आणि इतरत्र कोसळलेल्या दरडींमुळे रस्ते बंद होते आणि बचाव पथकांना तेथे पोहोचण्यास विलंब झाला.

हद्दीचा प्रश्न

येथे प्रशासकीय अडचणही ध्यानात घ्यावी लागेल. शहरातील रस्ते नगर परिषदेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावांचे अनेक रस्ते जिल्हा परिषदेकडे आणि विजेचे खांब महावितरणकडे. रुग्णवाहिकेला मात्र या हद्दी ठाऊक नसतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाकडे समन्वयाची जबाबदारी आहे. प्रत्येक रस्त्यापुढे जबाबदार अधिकारी, यंत्राची जागा आणि पर्यायी मार्ग लिहिलेली एकच यादी मे महिन्यात हाती असेल, तर त्या समन्वयाला अर्थ येईल.

हवामान खात्याच्या रंगीत इशाऱ्यांची सांगडही या यादीशी घालता येईल. पिवळ्या इशाऱ्याला मोऱ्यांची पाहणी, नारिंगी इशाऱ्याला यंत्रे ठरलेल्या जागी, लाल इशाऱ्याला धोक्याचा घाट वेळीच बंद. जोझिला खिंडीत हिमस्खलनाची शक्यता दिसताच वाहतूक थांबवली जाते. त्यात यंत्रणेचा पराभव कोणी मानत नाही. रस्ता कधी बंद करायचा हे ठरवणे हाही रस्ता राखण्याचाच भाग आहे.

राहिली गोष्ट नोंदीची. कोणत्या वळणावर झाड पडले, कोणती मोरी तुंबली, वाट मोकळी व्हायला किती तास लागले, हे प्रत्येक घटनेनंतर एका वहीत लिहिले गेले तर चार-पाच पावसाळ्यांत धोक्याच्या जागा आपोआप समोर येतील. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

श्रीवर्धनला पाऊस थांबवता येणार नाही. परंतु मृगाची पहिली सर पडण्यापूर्वी मोऱ्या मोकळ्या, यंत्रे जागेवर आणि क्रम ठरलेला असेल, तर मध्यरात्री निघालेली रुग्णवाहिका माणगावला वेळेत पोहोचण्याची शक्यता नक्कीच वाढेल.