फुप्फुससिरा : रचना, कार्य आणि श्वासाचा रुग्ण

‘धमनीत शुद्ध रक्त, सिरेत अशुद्ध रक्त’ हे सूत्र शालेय वयातच पाठ झालेले असते. फुप्फुससिरा त्यास अपवाद आहेत. रक्तवाहिनीचे नाव रक्ताच्या शुद्धतेवरून नव्हे, तर प्रवाहाच्या दिशेवरून ठरते. हृदयाकडे रक्त आणणारी ती सिरा. फुप्फुससिरा ऑक्सिजनयुक्त रक्त आणीत असल्या तरी ते हृदयाकडेच आणतात. म्हणून त्या सिराच होत.

रचना

प्रत्येक फुप्फुसातून सामान्यतः दोन, अशा चार फुप्फुससिरा डाव्या अलिंदात उघडतात. उजवी ऊर्ध्व सिरा ऊर्ध्व व मध्य खंडांचे, डावी ऊर्ध्व सिरा ऊर्ध्व खंडाचे, तर दोन्ही अधर सिरा आपापल्या बाजूच्या अधर खंडाचे रक्त आणतात. काही व्यक्तींत डाव्या दोन्ही सिरा एकाच मुखाने उघडतात, तर काहींत उजवीकडे तिसरी सिरा आढळते. केवळ एवढ्यावरून विकार मानू नये.

या सिरांना झडपा नसतात. चिकित्सकाच्या दृष्टीने हीच त्यांच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाची बाब होय.

कार्य

फुप्फुसधमनीतील रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे ७५ टक्के असते. फुप्फुससिरांत ती ९७ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. डाव्या अलिंदातील सरासरी दाब साधारणतः ६ ते १२ मि.मी. (पारा) असतो. द्विदल झडप अरुंद झाली किंवा डावा निलय दुर्बल झाला, की हा दाब वाढतो आणि मध्ये झडप नसल्याने तो थेट फुप्फुसातील केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. दाब वेगाने वाढून २५ मि.मी.च्या पुढे गेल्यास द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. अशा वेळी श्वास फुप्फुसाचा भासतो. मूळ मात्र हृदयात असते.

चिकित्सेतील महत्त्व

तमकश्वासाचा रुग्ण आडवा झाल्यास त्याचा त्रास वाढतो व बसल्याने त्यास बरे वाटते, असे चरकसंहितेत वर्णन आहे. हृदयजन्य श्वासातही नेमके हेच घडते. त्यामुळे या एका लक्षणावर निदान करू नये. झोप लागल्यावर एक-दोन तासांनी गुदमरून जाग येणे, उशांची संख्या वाढत जाणे, पायांवर सूज, पूर्वीचा हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा बालपणी येऊन गेलेला ऱ्हुमॅटिक ताप यांची चौकशी अवश्य करावी. चरकाचार्यांनी प्राणवह स्रोतसाच्या मुळांत हृदयाची गणना केली आहे. त्यावरून त्यांना या सिरा ज्ञात होत्या असा निष्कर्ष काढता येत नाही. तथापि श्वासाच्या रुग्णाचे हृदय तपासावे, हा बोध निश्चित घेता येतो.

नाडीकडेही लक्ष द्यावे. या सिरांच्या मुखाशी अलिंदाचे स्नायुतंतू काही अंतर आत शिरलेले असतात. अलिंदाच्या अनियमित कंपनाचा उगम बहुधा येथेच होतो, असे फ्रान्समधील बोर्दो येथील हृदयतज्ज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. गती व बल या दोहोंत पूर्णतः अनियमित नाडी आढळल्यास ईसीजी करवून घ्यावा. या विकारात रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो.

औषधी विक्रेत्यांसाठी

श्वास-कासाच्या अनेक कल्पांत यष्टिमधु असते. अधिक मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास ते शरीरात क्षार व पाणी साठविते आणि पोटॅशियम घटविते. सोमलतेतील एफेड्रिन हृदयाची गती व रक्तदाब वाढविते. तमकश्वासात उपयुक्त ठरणारी हीच द्रव्ये हृदयजन्य श्वासात घातक ठरू शकतात. म्हणून पायांवर सूज असलेल्या किंवा बसून रात्र काढणाऱ्या ग्राहकास केवळ मागणीवरून असे कल्प देऊ नयेत. त्यास वैद्यांकडे पाठवावे. गुलाबी, फेसाळ कफ पडत असल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता, रुग्णास बसलेल्या स्थितीतच रुग्णालयात न्यावे.