‘आता आराम करा’ म्हणण्यापूर्वी

वडीलधाऱ्यांविषयीचा आदर व्यक्त करण्याची आपल्या घरांत एक ठरलेली रीत आहे. निवृत्ती झाली की मुले-सुना प्रेमाने म्हणतात, ‘नाना, आयुष्यभर खूप कष्ट केलेत, आता आराम करा.’ मग भाजीची पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली जाते, चहा-पाणी बसल्या जागी येते, पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट वापरली जाते. यामागील भावना निर्मळ असते. शरीरावर होणारा तिचा परिणाम मात्र हितकारक नसतो.

सुरतेतील मराठी समाजाला हा विषय विशेष जवळचा आहे. खानदेशातून येऊन लिंबायत, उधना, पांडेसरा, नवागाम-डिंडोली या भागांत स्थिरावलेल्या कितीतरी कुटुंबप्रमुखांनी यंत्रमागापुढे आणि डाइंग मिलमध्ये तासन्‌तास उभे राहून संसार उभे केले. त्यांच्यापैकी अनेकांनी आज साठी-सत्तरी ओलांडली आहे. दिवसभर उभे राहणारे शरीर एकाएकी दिवसभर बसू लागते. काही काळाने खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, रात्री न्हाणीघरात जाताना तोल जातो. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ परंतु यात वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हा प्रश्न आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी विचारलाच पाहिजे.

वय किती, बसणे किती?

तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचे वजन हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. वजनापेक्षाही स्नायूंची ताकद अधिक झपाट्याने कमी होते. वैद्यकात या अवस्थेला सार्कोपेनिया म्हणतात. मांडी व नितंबाचे स्नायू क्षीण झाले की उठणे, जिना चढणे आणि तोल सावरणे या तिन्ही क्रिया अडखळतात. एवढा वाटा वयाचा. बसून राहण्याचा वाटा त्याहून वेगळा आणि अनेकदा मोठा असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायुभार सुमारे एक किलोने घटल्याचे आढळले. त्यांना आजार कोणताच नव्हता, होती ती केवळ विश्रांती.

याची दुसरी बाजू तितकीच आश्वासक आहे. १९९० साली बोस्टन येथील एका वृद्धसेवा संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींना देखरेखीखाली मांडीच्या स्नायूंचा व्यायाम देण्यात आला. आठ आठवड्यांत, ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अभ्यास लहान होता, पण त्याने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली : नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतो. ‘आता या वयात काय उपयोग?’ या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

औंध ते पारडी

आपल्या परिसरातच याचे एक आदरणीय उदाहरण आहे. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १८६७ साली सावंतवाडीजवळील कोलगाव येथे झाला. मूळचे ते चित्रकार. पुढे औंध संस्थानात राहून त्यांनी स्वाध्याय मंडळाचे कार्य उभारले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. स्वतः ते नित्य नमस्कार घालीत आणि संस्थानातील शाळांतही त्यांनी त्यांचा प्रसार केला. त्याच वातावरणात सातवळेकरांनी वेदांबरोबर योगासने व सूर्यनमस्कार यांविषयीही लेखन केले.

१९४८ साली त्यांना औंध सोडावे लागले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेली होती. या वयात त्यांनी त्या काळी सुरत जिल्ह्यात असलेल्या पारडी येथे स्वाध्याय मंडळ नव्याने उभे केले आणि पुढील वीस वर्षे तेथून कार्य केले. १९६८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एका व्यक्तीचे दीर्घायुष्य हा शास्त्रीय पुरावा नव्हे. त्यात आनुवंशिकता असते, दैवही असते. तथापि ऐंशीनंतर कार्याचा नवा अध्याय सुरू होऊ शकतो, एवढे तरी हे चरित्र निश्चितपणे सांगते.

मात्रा किती?

औषधाप्रमाणे व्यायामालाही मात्रा असते. वाग्भटांनी अष्टांगहृदयात दिनचर्येत व्यायामाला स्थान दिले, पण बलवानांनीही तो निम्म्या शक्तीने आणि थंडी व वसंत ऋतूत करावा, इतर काळी त्याहून कमी, असे सांगितले. वृद्धांसाठी तर आयासाचा व्यायाम वर्ज्यच मानला. हा सल्ला अतिश्रमाबाबत आहे, रोजच्या चालण्या-फिरण्याबाबत नव्हे. सुरतेच्या दमट उन्हाळ्यात तो आजही लक्षात ठेवावा असा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी, आणि त्यात पासष्टीपुढील व्यक्तीही आल्या, आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत आणि ज्येष्ठांनी किमान तीन दिवस तोल सांभाळणाऱ्या व्यायामांची त्यात भर घालावी. व्यवहारात याचे तीन भाग होतात :

१. चालणे : रोज सुमारे अर्धा तास, दहा-दहा मिनिटांच्या तीन हप्त्यांत चालले तरी चालेल. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी खूण. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी तापीकाठी किंवा जवळच्या बागेत जावे. पावसाळ्यात घसरड्या रस्त्यापेक्षा घरातील गॅलरी बरी.

२. ताकद : भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे. जमत नसल्यास प्रारंभी हाताचा आधार घ्यावा. गुडघेदुखी असलेल्यांनाही मांडीच्या स्नायूंचा व्यायाम बहुधा उपकारकच ठरतो.

३. तोल : स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, नंतर एका पायावर काही क्षण उभे राहणे.

सूर्यनमस्कार उत्तम, मात्र ज्यांनी ते कधी घातलेले नाहीत त्यांनी सत्तरीत पुस्तक पाहून प्रारंभ करू नये. अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू, ठिसूळ झालेली हाडे किंवा मानेचे विकार असल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. छातीत दडपण, भोवळ किंवा असह्य धाप जाणवल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठावे.

स्वतःची निगा

व्यायामाला आहाराची जोड नसेल तर स्नायू बनणार कशाने? अनेक ज्येष्ठ रात्री चहा-बिस्किटांवर किंवा नुसत्या खिचडीवर भागवतात. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. भाकरीबरोबर उडदाची घट्ट डाळ, दूध-दही, मोडाची कडधान्ये, आणि चालत असल्यास अंडी-मासे यांतून ती मिळू शकतात. तहान कमी लागली तरी पाणी ठरवून प्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. अंगाला, विशेषतः पायांना, तेल लावण्याची जुनी सवय चांगली आहे, कारण त्यानिमित्ताने पाय रोज नजरेखालून जातात. मधुमेही व्यक्तीला लहानशी जखम वेळीच दिसणे फार मोलाचे असते. मात्र तेलकट पायाने फरशीवर चालू नये. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री मंद दिवा, पायात घट्ट बसणारी चप्पल आणि मोतीबिंदूची वेळेवर तपासणी या साध्या गोष्टी खुब्याचे हाड मोडण्याचा धोका कमी करतात.

कुटुंबाचे आणि डॉक्टरांचे काम

व्यवसायबंधूंना एक विनंती. ज्येष्ठ रुग्ण तपासताना रक्तदाबाबरोबर त्यांचे उठणे-चालणेही पाहावे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसण्यास बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. झोपेच्या व इतर गोळ्यांचा फेरविचार करावा आणि औषधांच्या खाली ‘चालणे, खुर्चीतून उठणे-बसणे’ हेही स्पष्ट लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले विसरले जाते, चिठ्ठीवर लिहिलेले पाळले जाते.

आणि कुटुंबीयांना एवढेच सांगावेसे वाटते की, नाना-आजींच्या हातून काढून घेतलेली पिशवी त्यांना परत द्या. नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचवणे, झाडांना पाणी घालणे, शेंगा निवडणे, देवदर्शनाला पायी जाणे ही कामे त्यांचीच राहू द्या. अवघड वाटल्यास बरोबर चाला, पण त्यांच्याऐवजी चालू नका. आपल्या पायावर उभे राहून जगता येणे हाच उत्तरायुष्यातील खरा सन्मान आहे आणि तो त्यांच्याकडे टिकून राहावा, हीच त्यांची खरी सेवा होय.