खालून वर जाणारी वार्ता

कोणत्याही शाळेत मुख्याध्यापकांची नोटीस घेऊन शिपाई निघाला, की तासाभरात ती शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचते. उलट, त्या शेवटच्या वर्गाचे छप्पर गळू लागले, तर ती वार्ता मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जाण्यास किती दिवस लागतील, ह्याचा अंदाज विद्यार्थ्यांनीच करावा. मोठ्या कारखान्यांचेही असेच असते. हुकूम उताराने वाहतो. बातमीला मात्र चढण चढावी लागते. त्यातून ती वाईट असली, तर प्रत्येक पायरीवर तिचा थोडा थोडा अंश झडत जातो. कामगार म्हणतो, ‘यंत्र मोडणार.’ मुकादम सांगतो, ‘यंत्र जरा कुरकुरते आहे.’ व्यवस्थापकाच्या टेबलावर कागद येतो, ‘काम समाधानकारक.’ आणि गंमत अशी, की ह्यात धडधडीत खोटे असे कोणीच बोललेले नसते!

ह्याचे एक उदाहरण आम्ही जरा विस्ताराने देतो, कारण त्यात सात माणसांचे प्राण गेले. अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून उडाले आणि अवघ्या ७३ सेकंदांत आकाशातच त्याचे तुकडे झाले. प्रवाशांत ख्रिस्ता मॅकॉलिफ ही एक शाळाशिक्षिकाही होती. यानाला वर नेणारे अग्निबाण मॉर्टन थायोकोल ही कंपनी तयार करीत असे. बाणाचे भाग जेथे जोडले जात, तेथे आतील तप्त वायू बाहेर फुटू नये म्हणून रबराची कडी बसवलेली असत. थंडीत रबर ताठर होते व फट नीट बुजवीत नाही. कंपनीतील अभियंते रॉजर बोझोले ह्यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी कळवले होते, की ह्या सांध्याकडे दुर्लक्ष झाल्यास मनुष्यहानी होईल.

उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरून सभा भरली. तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर उड्डाण करू नये, असा अभियंत्यांनी स्पष्ट सल्ला दिला. ‘नासा’च्या अधिकाऱ्यांना तो रुचला नाही. तेव्हा कंपनीने थोडा वेळ मागून घेतला, वरिष्ठांनी आपसांत विचार केला आणि सल्ला फिरवला. अभियंत्यांचे मत बदललेले नव्हते; ते फक्त मागे राहिले. दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या वेळी तापमान होते ३६ अंश! विल्यम रॉजर्स ह्यांच्या चौकशी आयोगाला पुढे असे आढळले, की उड्डाणाचा अखेरचा निर्णय घेणाऱ्यांना हा पहिला लेखी सल्ला मुळी ठाऊकच नव्हता.

अशा वेळी अहवालांची संख्या वाढवावी, असे पुष्कळांना वाटते. कागदांचे ढीग रचल्याने वार्ता लवकर पोहोचते, हे आम्हांस तरी पटत नाही. त्यापेक्षा जपानच्या टोयोटा कंपनीने योजलेला उपाय पाहण्यासारखा आहे. ह्या घराण्याचा मूळ धंदा मागांचा. साकिची टोयोडा ह्यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागाचा गुण असा, की धागा तुटताच माग आपोआप थांबे. ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी गिरणीत काम केले आहे, त्यांना ह्याचे मोल सांगावयास नको. हेच तत्त्व पुढे मोटारींच्या कारखान्यात माणसांना लागू झाले. मोटारी जोडण्याच्या रांगेवर हाताला येईल अशी एक दोरी टांगलेली असे (आता पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी बटण आले आहे). दोष दिसला, की कामगाराने ती ओढावयाची. लगेच फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो व त्या गटाचा नायक धावत येतो. मोटार ठरावीक खुणेपर्यंत पोहोचण्याआधी दोष निघाला तर काम चालूच राहते. नाही तर सारी रांग थांबते. वार्तेला मध्ये एकही पायरी नाही. अर्थात, धावत आलेला नायक खेकसू लागला, तर दुसऱ्या दिवशी त्या दोरीला कोण हात लावील?

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. टोयोटा व जनरल मोटर्स ह्यांनी मिळून १९८४ मध्ये तो पुन्हा सुरू केला आणि कामावर घेतलेल्यांत बहुतेक जुनेच कामगार होते. पूर्वी ज्यांना रांग थांबवण्याची मनाई होती, त्यांच्याच हाती आता दोरी देण्यात आली.